देशी मागूरचं मिल्ट फ्रीजमध्ये ठेवून पाहिलं : जून ते सप्टेंबरचा अनुभव

भंडारा जिल्ह्यात आमची छोटी हॅचरी आहे, म्हणजे माशांचं बीज (पिल्लं) तयार करण्याची जागा. बीज देशी मागूर या माशाचं. रोहू-कटल्याच्या नराचं पोट हलकं दाबलं की मिल्ट, म्हणजे शुक्राणूंचा पांढरा द्रव, बाहेर येतं. मागूरच्या नराचं येत नाही. तो मारून, पोट चिरून वृषण काढावे लागतात. मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांनी बोडीतून (छोट्या तळ्यातून), धानाच्या बांधीतून जिवंत धरून आणलेला नर एका वापरात संपतो, आणि देशी मागूर आता मिळतो तरी किती! म्हणून या मोसमात ठरवलं की काढलेल्या मिल्टचा एक थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही.

अडचण वेळेची असते. संप्रेरकाच्या इंजेक्शननंतर माद्या साधारण 16-18 तासांनी अंडी द्यायला तयार होतात, पण सगळ्या एकदम नाही. एक पहाटे चारला, दुसरी सकाळी आठला. मादी तयार झाली की अंडी थांबत नाहीत, आणि तेवढ्या घाईत नर चिरायला बसलं की हात चुकतो. गेल्या वर्षी जवळपास प्रत्येक मादीमागे एक नर गेला. आता नर आधीच, निवांतपणे चिरतो आणि मिल्ट थंडीत ठेवतो.

सामान साधंच आहे. मेडिकलमधली 0.9 टक्क्यांची नॉर्मल सलाईन, कोरड्या सिरिंजा, झिपच्या पिशव्या, जुना फ्रीज, आत टांगलेला थर्मामीटर आणि एक मायक्रोस्कोप. माझं ऐकाल तर यातला मायक्रोस्कोप आधी घ्या, फ्रीज नंतर.

कारण सांगतो. वृषणात शुक्राणू झोपलेला असतो, कारण त्याच्याभोवतीचा द्रव तळ्याच्या पाण्यापेक्षा खूप खारट असतो. गोडं पाणी लागलं की तो जागा होतो, जिवाच्या आकांताने पळतो आणि मिनिट-दोन मिनिटांत त्याची ताकद संपते. पुन्हा उठत नाही. सलाईनचा खारटपणा शरीरातल्या द्रवाच्या जवळपास असल्यामुळे तिच्यात तो झोपूनच राहतो. काचपट्टीवर मिल्टचा अगदी बारीक ठिपका ठेवा, डोळा लावा आणि शेजारून पाण्याचा थेंब सोडा. वारुळावर पाणी ओतल्यासारखी सगळीकडे एकदम धावपळ उठते. ती उठली नाही तर ते मिल्ट अंड्यांवर टाकू नका. नुसत्या डोळ्यांना जिवंत आणि मेलेलं मिल्ट सारखंच पांढरं दिसतं.

जूनमधला पहिला प्रयोग पूर्ण फसला. मी छोटी बाटली काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलं, हवा लागली तर खराब होईल म्हणून. सकाळी काचपट्टीवर काहीच हललं नाही. शुक्राणू झोपलेला असला तरी त्याला श्वास लागतो! तेव्हापासून झिपच्या पिशवीत मिल्टचा अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ थर, वर भरपूर हवा, आणि पिशवी आडवी. पोरं बीजाच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून पॅकिंगला बसलेली असली तर त्याच सिलिंडरमधून थोडा ऑक्सिजन भरून घेतो.

दुसरी चूक पाण्याची. घाईत एका मुलाने धुतलेली सिरिंज न वाळवताच वापरली आणि दोन नरांचं मिल्ट गेलं. त्याला रागावलो नाही, कारण सिरिंज मीच टेबलावर ठेवली होती. आता मिल्टच्या टेबलाजवळ ओला हातही येत नाही. मासाही चिरण्याआधी पुसून कोरडा करतो. वृषणावरचं रक्त टिश्यूने टिपतो, मग बारीक चिरून सलाईनमध्ये चुरतो आणि जाळीच्या कापडातून गाळतो.

फ्रीज 4 अंशांवर. बर्फाच्या कप्प्याखाली पिशवी ठेवू नका. तिथे कडेला गोठलं तर बर्फाचे स्फटिक शुक्राणू फाडतात. द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर मिल्ट वर्षानुवर्षं टिकतं, पण त्यासाठी संरक्षक द्रव्यं आणि वेगळी शिस्त लागते. ते आपल्या फ्रीजचं काम नव्हे. श्रावणात लाइट रात्रभर गेली तेव्हा थर्माकोलच्या डब्यात बर्फ, त्यावर वर्तमानपत्राची जाड घडी, त्यावर पिशवी, असं निभावलं. थेट बर्फावर ठेवलं तर एकदम गार होण्याचाही धक्का बसतो.

टिकतं किती? त्याच दिवशी वापरलं तर ताज्या मिल्टच्या तोडीस तोड. दुसऱ्या सकाळी धावपळ थोडी मंदावते, पण मिल्ट जरा जास्त घातलं की फलन चांगलं मिळतं. तिसऱ्या दिवशी माझा विश्वास बसत नाही. जीवाणू वाढतात, मिल्टला तार सुटते, वास येतो. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घालून ही मुदत वाढवतात. मी अजून घातलेलं नाही, मला दुसऱ्या सकाळपर्यंत पुरतं.

अंडी कोरड्या टबात घेतो, त्यावर मिल्ट, मग कोंबडीच्या पिसाने हलकेच कालवतो, आणि पाणी सगळ्यात शेवटी. काही तासांनी पांढरी पडलेली, म्हणजे वाया गेलेली, अंडी दिसतात, त्यावरून रात्रीच्या कामाचा निकाल कळतो.

या मोसमात एका नरावर दोन, कधी तीन माद्या निघाल्या. मात्र याचीच मला काळजीही वाटते. मिल्ट टिकतंय म्हणून दोन-चार नरांवरच अख्खा मोसम काढला तर सगळं बीज एकमेकांचं भावंडं होईल, आणि पुढच्या पिढीचे ब्रूडर (प्रजननाचे नर-माद्या) त्यातूनच निवडले जातील. म्हणून प्रत्येक नराची पिशवी वेगळी, त्यावर नराचा नंबर आणि वेळ. मिल्ट एकत्र करत नाही, आणि कोणत्या मादीला कोणता नर ते वहीत लिहितो. पुढच्या जूनसाठी दुसऱ्या तालुक्यातल्या बोड्यांमधले नर सांगून ठेवले आहेत.