13 मिलीमीटरची पकड, दहा महिने, आणि पेन नाहीच

माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. बारीक पेन धरलं की अर्ध्या पानावर हात थांबवावा लागतो. बहुतेक फाउंटन पेनांची पकड, म्हणजे बोटांनी धरायच्या भागाची जाडी, 10-11 मिलीमीटरच्या आसपास असते, मला 13 ची हवी होती. तयार मिळेना, म्हणून हाताने पेन घडवणाऱ्या एका कारागिराकडे ऑर्डर दिली. त्याला दहा महिने झाले. नाव लिहीत नाही. पण मापं देऊन पेन करून घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरं आहे. याच कारागिराने केलेलं काळं एबोनाइटचं पेन मी तीन वर्षं वापरतेय. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून, तापवून कडक केलेलं रबर. ते हाताला गार लागत नाही. पेन नवं होतं तेव्हा टोपण उघडलं की गंधकाचा मंद वास यायचा. टोपणाच्या कडेवरून नख फिरवलं तरी लेथच्या हत्याराची एक रेघ लागत नाही. पॉलिश पेपरचा एकेक नंबर चढवत, पाणी लावून घासत बसल्याशिवाय अशी कड येत नाही. हे काम बघूनच मी निम्मी रक्कम आगाऊ दिली. मापं लिहून पाठवली: पकड 13, निब 6 नंबरची, टोक मध्यम, आणि शाईला कन्व्हर्टर, म्हणजे पेनच्या आत बसणारा, शाई ओढून घेणारा छोटा पंप. थेट नळीत शाई भरायचं पेन मला नको होतं. त्यात शाई कमी झाली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर ठिपका पडतो. एकदा माझं लिहून झालेलं अख्खं पान त्यात गेलंय.

"दीड महिन्यात देतो, ताई," म्हणाले.

मग ज्यातून पेन कातायचं तो रॉड यायचा होता. मग निब यायची होती. मग लेथची मोटर जळली. प्रत्येक वेळी मी "हरकत नाही" म्हटलं, कारण कारागिराला घाई केली की काम बिघडतं हे मला कळतं. चौथ्या महिन्यात फोटो आला, लेथच्या चकमध्ये, म्हणजे जबड्यांत, धरलेला रॉड, कातकाम सुरू. मला फार आनंद झाला होता. सातव्या महिन्यात आणखी एक फोटो आला, "आज पुन्हा घेतलंय" म्हणून. दोन्ही शेजारी ठेवून बघितले. चकच्या जबड्यावर काळ्या किसाचं एक वेटोळं, तसंच वळलेलं, तसंच सुटायच्या बेतात आलेलं. फोटो एकच होता, फक्त कडेने कापलेला. उशिराचं मला काही वाटलं नव्हतं. हे मात्र लागलं.

खरं कारण मला दुसऱ्या एका पेन घडवणाऱ्याने फोनवर पाच मिनिटांत समजावलं. नुसती पकड जाड करून भागत नाही. ती टोपणात मावायला हवी, म्हणून टोपण रुंद लागतं, म्हणून टोपणाचे आटेही मोठ्या व्यासाचे लागतात. त्यात टोपण एक-दोन फेऱ्यांत उघडावं म्हणून एकाऐवजी दोन-तीन आटे शेजारी शेजारी पाडतात. त्या मापाचे टॅप आणि डाय, म्हणजे आतले आणि बाहेरचे आटे पाडायची हत्यारं, सहसा तयार मिळत नाहीत, करवून घ्यावे लागतात.

नवव्या महिन्यात मी सरळ विचारलं, "दादा, एवढ्या मोठ्या आट्यांचा टॅप आहे का तुमच्याकडे?"

बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मागवायचा राहिलाय, ताई."

हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी टॅपचे पैसेही दिले असते, किंवा 12 वर भागवलं असतं. हत्यार नव्हतं आणि नाही म्हणता आलं नाही, एवढ्यावर नऊ महिने एकामागून एक कारणं रचली गेली. माणूस लबाड आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी आधी केलेल्या मापापेक्षा वेगळं काही हवं असेल तर त्यांच्याकडे जाऊ नका. तयार नमुन्यांपैकी एखादं घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण पेन तयार झाल्यावर पैसे द्या.

आगाऊ रकमेतली अर्धी परत आली आहे. उरलेली पुढच्या महिन्यात देतो म्हणालेत. आता दुसऱ्याकडे विचारणा केली आहे, आणि या वेळी पहिला प्रश्न टॅपचाच विचारला. त्यांच्याकडे तो नाही. करवून घ्यायला दोन महिने लागतील आणि तोवर पैसे नकोत, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

तोपर्यंत काळ्या पेनच्या पकडीवर कापडी चिकटपट्टीचे वेढे देऊन लिहितेय. व्हर्नियरवर बरोबर 13 भरतात. अंगठा दुखत नाही, पण टोपण लागत नाही. रोज रात्री पट्टी सोडवायची, सकाळी पुन्हा गुंडाळायची.