फाओस्टॅटवर तांदळाची तुलना करताना

देशोदेशींच्या तांदळाचे आकडे एकाच ठिकाणी हवे असतील, तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं फाओस्टॅट हे आकडेवारीचं संकेतस्थळ उघडावं. फुकट आहे आणि आकडे १९६१ पासूनचे आहेत. 'क्रॉप्स अँड लाइव्हस्टॉक प्रॉडक्ट्स'मध्ये देश, वर्ष आणि 'राइस' निवडलं की क्षेत्र, उत्पादन आणि हेक्टरी उतारा शेजारी शेजारी येतात. २०२२ मध्ये चीन सुमारे २०.८ कोटी टन, भारत १९.६ कोटी. एवढ्यावर थांबू नका, क्षेत्राचा रकाना बघा. भारताचं क्षेत्र चीनच्या दीडपट आहे. चीनचा उतारा हेक्टरी सात टन, भारताचा चारच्या जरा वर. उत्पादनासाठी यापेक्षा सोयीचं ठिकाण नाही.

पण हा आकडा साळीचा, म्हणजे तुसासकट. मराठीत शेतातल्याला साळ आणि गिरणीतून निघालेल्याला तांदूळ म्हणतात. फाओस्टॅटच्या या यादीत साळीचंही नाव 'राइस'च. अमेरिकी कृषी खात्याचा पीएसडी हा आकड्यांचा संच मात्र उत्पादन गिरणीतून निघालेल्या तांदळात देतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक तृतीयांश पीक गायब झाल्यासारखं वाटतं. साळीचा तांदूळ किती होईल हे काढायला सगळ्या देशांच्या आकड्यांना सरसकट ०.६६७ नं गुणणंही बरोबर नाही. पीएसडी भारतासाठी साधारण दोन तृतीयांश धरतं, चीनसाठी ०.७०. चीनच्या बाबतीत तेवढ्यानंच जवळजवळ ७० लाख टनांचा फरक पडतो.

खपाच्या बाबतीत फाओस्टॅट कमी पडतं. 'फूड बॅलन्स शीट' म्हणजे देशाच्या अन्नाचा ताळेबंद, त्यातला दरडोई आकडा खाल्लेल्या भाताचा नव्हे, उपलब्ध पुरवठ्याचा. घरात वाया गेलेलं त्यातून वजा होत नाही. जुनी मालिका २०१३ ला संपते, नवी २०१० पासून वेगळ्या पद्धतीनं सुरू होते. दोन्ही जोडून आलेख काढला तर मधली उडी पद्धतीची असते, लोकांच्या खाण्याची नव्हे. ताज्या खपासाठी पीएसडी बरं, पण तिथला खप म्हणजे सुरुवातीचा साठा, उत्पादन आणि आयात यांतून निर्यात आणि शेवटचा साठा वजा जाता उरलेलं. त्यात बियाणं, पशुखाद्य, नासाडी सगळं आलं. शिवाय वर्ष हंगामाचं: भारताचं ऑक्टोबर ते सप्टेंबर.

फाओस्टॅटवर 'चायना' आणि 'चायना, मेनलँड' अशा दोन ओळी येतात. पहिलीत दुसरी धरलेलीच असते, तेव्हा बेरीज करण्याआधी एक काढून टाका. आकड्याशेजारचं अक्षरही वाचा: ए म्हणजे अधिकृत, ई म्हणजे अंदाज.