घरच्या सिंगल फेजवर थ्री फेज लेथ : उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

हिंगणा एमआयडीसीतील एक शेड बंद होत असताना तेथील साडेचार फुटी जुना लेथ (धातू फिरवून कातण्याचे यंत्र) मी विकत घेतला आणि नागपूरच्या मानेवाड्यातील घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये बसवला. मोटर २ एचपीची, थ्री फेज, ४१५ व्होल्टची. घरचे मीटर मात्र सिंगल फेज. महावितरणकडे थ्री फेज जोडणी मागता आली असती, परंतु छंदापुरत्या कामासाठी दरमहा जास्तीचा स्थिर आकार भरत राहणे मला पटले नाही. म्हणून सिंगल फेज २३० व्होल्ट घेऊन थ्री फेज २३० व्होल्ट देणारा आणि मोटरचा वेगही बदलू देणारा व्हीएफडी, म्हणजे ड्राइव्ह, मी हिवाळ्यात बसवला. तेव्हापासून लेथ त्याच्यावरच चालतो आहे.

इतर दोन उपायांचा विचार मी केला होता. कपॅसिटर लावून तिसरा फेज तयार करण्याची युक्ती आपल्याकडचे रिवाइंडिंगवाले सर्रास वापरतात आणि पंप किंवा पंख्यासारख्या एकसारख्या भारावर ती चालतेही. परंतु मोटरची ताकद साधारण दोन तृतीयांशावर येते आणि लेथसारखा भार सतत बदलत राहिला की मोटरच्या तिन्ही वाइंडिंगमधील (तारेच्या गुंडाळ्यांमधील) करंटचा तोल बिघडून एखादे वाइंडिंग तापते. दुसरा उपाय म्हणजे एक मोठी मोटर रिकामी फिरवून तिच्याकडून तिसरा फेज घेणे. तो भक्कम आहे, पण घरामागे दिवसभर तिचा घरघराट कोण ऐकणार?

ड्राइव्ह घेण्यापूर्वी मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडून पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. सिंगल फेज ड्राइव्हमधून २३० व्होल्टच बाहेर पडतात, त्यामुळे ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचे एकेक टोक एकत्र बांधून) जोडलेली मोटर तशीच ठेवली तर तिला जोर येत नाही. आपल्याकडे २ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा स्टारमध्ये असतात, आणि स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला मुळातच सुमारे २४० व्होल्ट मिळत असल्यामुळे त्याच मोटरला डेल्टा केले, म्हणजे तिन्ही वाइंडिंग त्रिकोणासारखी जोडली, की २३० व्होल्टवर ती जवळजवळ पूर्ण ताकद देते. माझ्या मोटरमध्ये सहा टर्मिनल होते. तीन टर्मिनलांना एका ओळीत आडव्या जोडणाऱ्या पितळी पट्ट्या काढून उभ्या लावल्या, एवढेच काम. इतवारीत ज्यांच्याकडे मी मोटरचे बेअरिंग बदलायला नेले होते, ते वाइंडर म्हणाले, “भाऊ, सहा टोकं बाहेर आहेत म्हणून सुटलात, तीनच असती तर वाइंडिंग खोलून स्टारचा जोड शोधावा लागला असता.” नेमप्लेटवरचा ३.५ अँपिअरचा आकडा डेल्टामध्ये १.७३ पटीने वाढून ६ अँपिअरच्या आसपास जातो, आणि ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये हाच वाढलेला आकडा भरायचा असतो.

मोटरला २ एचपीचा ड्राइव्ह पुरला असता. मी ३ एचपीचा घेतला, कारण बहुतेक ड्राइव्हची क्षमता ४० अंश तापमान धरून सांगितलेली असते आणि नागपूरच्या मे महिन्यात टिनाखाली त्याच्या खाली पारा उतरतच नाही. मोटरवर पूर्ण भार असला की ड्राइव्ह मीटरकडून १२ ते १५ अँपिअर ओढतो, म्हणून बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि व्यवस्थित अर्थिंग केले. घरातल्या एखाद्या प्लगवर हे चालवू नये.

लेथवर पुढे-मागे फिरवण्यासाठी जुना ड्रम स्विच होता. तो ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि ड्राइव्ह जळण्याचे ते एक हमखास कारण आहे. चालू मोटरची तार मध्येच तुटली किंवा अचानक जोडली गेली की त्याचा धक्का थेट ड्राइव्हच्या आतल्या ट्रान्झिस्टरना बसतो. मोटर थेट ड्राइव्हला जोडून तोच ड्रम स्विच मी ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलांवर घेतला आहे. दांडा जुनाच, हाताची सवयही जुनीच, फक्त त्यातून आता अगदी कमी व्होल्टचा संकेत जातो.

प्रत्यक्ष कामात सर्वांत मोठा लाभ वेगाचा झाला. तोंड मारताना, म्हणजे फिरत्या तुकड्याचे टोक सपाट करताना, कटिंग टूल कडेकडून मध्याकडे सरकते तसा नॉब फिरवून वेग वाढवता येतो, आणि त्यामुळे येणारी फिनिशिंग बेल्ट बदलत बसण्याच्या काळात मला कधी मिळाली नव्हती. मात्र वेग कमी केला की मोटरची शक्तीही त्याच प्रमाणात कमी होते, त्यामुळे जाड कटसाठी बॅक गिअरला (लेथचा वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या गिअरला) पर्याय नाही. शिवाय २५ हर्ट्झच्या खाली बराच वेळ चालवल्यास मोटरचा स्वतःचा पंखा मंदावून ती तापते. थांबण्याची वेळ फार कमी ठेवली, तर जड चकच्या (तुकडा पकडणाऱ्या जबड्याच्या) फिरण्यामुळे मोटर उलट वीज तयार करते आणि ड्राइव्ह जास्त व्होल्टेज दाखवून बंद पडतो. माझा चक स्पिंडलच्या (लेथच्या फिरत्या दांड्याच्या) आट्यांवर बसणारा असल्यामुळे झटक्यात थांबवणे तसेही धोक्याचे आहे, कारण चक सुटून बाहेर येऊ शकतो. मी चार सेकंद ठेवले आहेत.

मे महिन्यात दुपारी ड्राइव्ह दोनदा-तीनदा तापून बंद पडला. दोष यंत्राचा नव्हता; लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून तो बंद पेटीत होता आणि पेटीला हवा नव्हती. खाली फिल्टर आणि वर पंखा लावल्यावर ती तक्रार राहिली नाही, तरीही बारा ते चार लेथ बंदच असतो, कारण तेव्हा ड्राइव्हपेक्षा आधी माणूस ट्रिप होतो. संध्याकाळी सगळ्या वस्तीचे कूलर आणि एसी चालू झाले की व्होल्टेज उतरते आणि भारी कट घेताना ड्राइव्ह कधी कधी कमी व्होल्टेजची सूचना देतो.

घराचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, सुरुवातीला विनाकारण पडत असे. ड्राइव्हच्या फिल्टरमधून अर्थिंगकडे थोडा करंट गळतोच. पण म्हणून आरसीसीबी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. ड्राइव्हसाठी चालणाऱ्या प्रकारचा वेगळा आरसीसीबी त्या सर्किटला लावून घेतला आणि मोटरची केबल आखूड, शील्ड असलेली घेतली. त्याच केबलमुळे स्वयंपाकघरातील रेडिओवरची खरखर कमी झाली, ज्याचे श्रेय घरात मला अजून मिळालेले नाही. आणखी एक काळजी म्हणजे वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी काही मिनिटे टिकून राहते, तेव्हा दहा मिनिटे थांबल्याशिवाय झाकण उघडू नये.

शेजारच्या काकांनी ५ एचपीच्या पिठाच्या गिरणीसाठी हाच ड्राइव्ह सुचवता का, असे विचारले होते. त्यांना मी नाही म्हटले. त्या आकाराची मोटर ४१५ व्होल्टला आधीच डेल्टामध्ये असते, म्हणजे पट्ट्या बदलून काम होत नाही, रिवाइंडिंग करावे लागते; आणि सिंगल फेजकडून ती ३० अँपिअरच्या जवळपास ओढणार. त्यांनी थ्री फेज मीटरसाठी अर्ज केला आहे.