एपिजेनेटिक वय मोजावं की साखर?

बडोद्याच्या दांडिया बाजारातली मावसबहीण चहात साखर ढवळता ढवळता थांबली. "ताई, चाळिशी आली. आईबाबा दोघांना मधुमेह. एपिजेनेटिक वयाची चाचणी करू की एचबीए१सी?"

खर्चात एचबीए१सी ही रक्तचाचणी कितीतरी स्वस्त. उपयोग बघ. ती साधारण गेल्या ३ महिन्यांची सरासरी साखर सांगते, आकडा ६.५ टक्के किंवा वर, म्हणजे मधुमेहाच्या पातळीत आला की पुढे काय करायचं ते डॉक्टरांना ठाऊक असतं. एपिजेनेटिक वय म्हणजे डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून काढलेलं शरीराचं वय. त्यासाठीचं शास्त्रज्ञ स्टीव्ह होर्वाथ यांचं २०१३चं 'घड्याळ', म्हणजे हिशोबाची पद्धत, डीएनएवरच्या ३५३ जागांचं मिथिलेशन (अशाच खुणांचं प्रमाण) मोजून वयाचा अंदाज काढतं. संशोधनाला ते मोलाचं, पण त्यावरून तुझं औषध ठरत नाही. शिवाय नमुन्याबरोबर तुझा डीएनएही परक्या हाती जातो, याची मला खरी काळजी वाटते.

घरात मधुमेह आहे, तर एचबीए१सीच. संशोधनाला हातभार लावायचा असेल त्याने दुसरी करावी, संमतिपत्र नीट वाचून.