ओपन मॅटचं वार्षिक सदस्यत्व: काही महिन्यांच्या वापरानंतर (फळ्याबद्दल जरा जास्तच)

हे लिहायला बसलो त्याला कारण फी. सरावात समोरच्याच्या गीच्या (सरावाच्या जाड पोशाखाच्या) बाहीत अडकून करंगळी मुरगळली आणि डॉक्टरांनी काही आठवडे धरपकड बंद सांगितली. तेवढ्या दिवसांनी सदस्यत्वाची मुदत वाढवून द्या म्हटलं, तर उत्तर आलं, "नियमात बसत नाही." वर्षाची फी एकरकमी भरलेला माणूस मग काय करणार? मी करंगळी शेजारच्या बोटाला टेपने बांधली आणि रोज कडेला जाऊन बसलो. पैसे वसूल व्हायला नकोत?

ओपन मॅट म्हणजे ठरलेला धडा नसलेला मोकळा सराव, ज्याला जे हवं ते त्याने जोडीदाराबरोबर करून पाहायचं. इथे कराटे, ज्युडो, जिउ-जित्सू, आयकिडो, बॉक्सिंग, सगळ्यांनाच मुभा आहे. मॅट चांगली, जोड कुठे उघडे पडलेले नाहीत. वापरायला मिळणाऱ्या शिन गार्डना (नडगीवर बांधायच्या पॅडना) वास येतो, स्वतःचे न्या.

आता फळा. सदस्यत्व घेताना सांगण्यात आलं होतं की "हे खऱ्या मारामारीत चालत नाही" असं कुणी म्हटलं की तिथल्या तिथे चाचणी होते. पण त्याआधी, काय घडलं तर तंत्र फसलं असं मानायचं, ते दावा करणाऱ्याने स्वतः भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचं. या एका गोष्टीवर भाळून मी वर्षाचे पैसे भरले. प्रत्यक्षात मार्कर वाळलेला. कुणी लिहायचंच नाही. उरलं ते फक्त "करून दाखव", आणि त्यात बहुतेक वेळा जो वजनाला जास्त किंवा वयाने कमी, तोच खरा ठरतो.

कडेला बसून पाहिलेला एक प्रसंग सांगतो. आयकिडोवाल्या एक ज्येष्ठ बाई कोतेगाएशी दाखवत होत्या, म्हणजे मनगट बाहेर वळवून पाडणं. जिउ-जित्सूचा निळ्या पट्ट्याचा मुलगा म्हणाला, "मॅडम, असं मनगट कुणी हातात देत नाही." त्याने कोपर बरगड्यांना चिकटवलं, मूठ छातीशी घेतली. काही केल्या हात वळेना. बाईंनी शांतपणे रबरी सुरा त्याच्या हातात दिला. आता भोसकायचं तर हात पुढे आणणं आलंच. त्याने आणला. सुऱ्याचं टोक बाईंच्या पोटाला बऱ्याचदा टेकलं आणि एकदा मनगट त्यांच्या दोन्ही हातांत सापडलं, तो खाली, सुरा लांब. मुलगा पोटावरचे वार मोजत होता, बाई पडलेला सुरा. दोघंही जिंकले! वाद मॅटवरून कपडे बदलायच्या खोलीपर्यंत गेला आणि फळा कोरा तो कोराच.

हा घोळ आजचा नाही. 1976 मध्ये टोकियोत मुहम्मद अली आणि कुस्तीगीर आंतोनियो इनोकी भिडले. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, निकाल बरोबरीचा. 1993 मध्ये डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढतींच्या स्पर्धेत, वजनगट नव्हते, तरी जिउ-जित्सूचा सडपातळ रॉयस ग्रेसी जिंकला. जिउ-जित्सूवाले हे दर आठवड्याला ऐकवतात. आम्हा कराटेवाल्यांना टोमणा ठरलेला: 2021 मध्ये झालेलं टोकियो ऑलिम्पिक. अंतिम लढतीत सौदी अरेबियाच्या तारेग हमेदीची लाथ डोक्यात बसून इराणचा सज्जाद गंजजादेह बेशुद्ध पडला आणि सुवर्ण मिळालं गंजजादेहला, कारण अतिजोराच्या प्रहाराबद्दल हमेदी बाद. हसा खुशाल. पण तो नियम लढतीआधीपासून लिहिलेला होता, आणि आमच्याकडे नेमकं तेच होत नाही.

मनाचा मोठेपणा म्हणाल तर तो ज्युडोच्या कानो जिगोरो यांचा. 1930 मध्ये आयकिडोचे संस्थापक उएशिबा यांचं काम पाहून त्यांनी मोचिझुकी मिनोरूसारखे स्वतःचे विद्यार्थी त्यांच्याकडे शिकायला पाठवले. आमच्याकडे शेजारच्या वर्गात गेलेल्याशी लोक महिनाभर धड बोलत नाहीत.

अपडेट: वरचं लिहून ठेवलं होतं, पोस्ट करायचं राहिलं. मधल्या काळात करंगळी बरी झाली आणि मी पदरमोड करून मार्कर आणला. मत बरंच बदललंय. बॉक्सिंगवाल्याने लिहिलं, "मांडीवरच्या लाथांनी मी थांबलो तर दावा खोटा." दुसऱ्या फेरीत पाय टेकवेना, निमूटपणे स्वतःच पुसून आला. मी लिहिलं होतं की जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) वरच्या ब्लॉकने अडतो. नाकावर बसेपर्यंत अडत होता. भांडण शून्य. बाई आणि तो मुलगासुद्धा आता आधी ठरवतात, किती वार लागले म्हणजे सुरा पडून उपयोग नाही ते. कमी वजनाच्या लोकांसाठी मात्र काहीच सोय नाही. समोरचा जोडीदार किती किलोचा, हेही फळ्यावर यायला हवं. इथले सर "बघू" म्हणतात.

आणि खरी तक्रार सरांचीच आहे. मानेवरच्या प्रेशर पॉइंटवर बोट दाबून ते कुणालाही खाली बसवतात म्हणे, पण दरवेळी समोर त्यांचाच जुना विद्यार्थी असतो. मार्कर पुढे केला की वर्गाची वेळ संपलेली असते. इतरांना फळा आणि स्वतःला सूट, याबद्दल एक तारा कापला. अर्धा शिन गार्डच्या वासाचा.

पाचपैकी साडेतीन. स्पर्धेच्या तयारीत असाल तर येऊ नका, अर्धा वेळ बोलण्यात जातो. नूतनीकरणाची तारीख जवळ आली आहे. सरांनी तो दावा फळ्यावर लिहिला आणि समोर अनोळखी माणूस घेतला, तर वर्षाची भरेन. नाहीतर महिन्याची पावती.