गेंड्याची पावली की कमळाचे वीस पैसे?

घरातला जुना डबा उपडा केला की दोन नाणी हमखास सापडतात. एक गेंड्याचं पंचवीस पैशांचं, ज्याला आमच्याकडे अजून पावलीच म्हणतात. दुसरं कमळाचं, पिवळंधमक, वीस पैशांचं. मग घरातलं कोणीतरी मोबाईल पुढे करतं, ‘हे बघ, लाखाला जातं म्हणे.’ विकावं, ठेवावं की आणखी जमवावं, असा प्रश्न पडलेल्यांसाठी हे लिहितोय.

आधी लाखाचं निकालात काढू. साधी, वापरलेली गेंड्याची पावली जाणकार विक्रेत्याकडे चहाच्या पैशात मिळते. तो ती आपल्याकडून घेताना त्याहून कमीच देणार, किंवा ‘ढीगभर पडल्यात’ म्हणून हात जोडणार. जाहिरातीत कोणी किती किंमत लिहिली, याला काही अर्थ नसतो. त्या किमतीला गिऱ्हाईक मिळालं का, एवढंच विचारायचं. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून ‘आधी कमिशन भरा, कर भरा’ म्हणणारे इतके वाढले की ऑगस्ट 2021 मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. असल्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कधी पैसे मागत नाही, असं बँकेने स्पष्ट सांगितलं. तेव्हा नोंदणी फी मागितली की फोन ठेवून द्यायचा.

आता दोघांना शेजारी ठेवू. दोन्ही चलनातून बाद आहेत. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून बंद झाली. पण ‘बंद पडलं म्हणजे दुर्मीळ झालं’ हा घोटाळा करू नका. गेंड्याची पावली 1988 ते 2002 अशी निघत राहिली, आणि नोएडाची टांकसाळही 1988 मध्येच सुरू झाल्यामुळे चार टांकसाळी हाताशी होत्या. कमळाचं नाणं मात्र 1968 ते 1971 एवढ्याच काळातलं. (1982 पासूनचं षटकोनी ॲल्युमिनियमचं वीस पैशांचं नाणं वेगळं, त्याला यात घेऊ नका.)

खरा फरक धातूचा आहे आणि तोच बहुतेक जण बघत नाहीत. पावली स्टेनलेस स्टीलची, 2.83 ग्रॅम वजनाची, 19 मिलिमीटर व्यासाची. तीस वर्षं पिशवीत पडूनही ती गंजत नाही, काळी पडत नाही. फार तर ओरखडे येतात. म्हणजे बरी दिसणारी पावली गल्लोगल्ली आहे, मग तिला भाव कोण देणार? कमळाचं नाणं पितळेच्या जातीचं. दमट हवेत ते तपकिरी होतं, कोकणातल्या घरात तर लवकरच. त्यात त्याच्यावर कमळ, रंग सोन्यासारखा, त्यामुळे ते थेट देवघरात गेलं. आमची आजी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तांब्या-पळीबरोबर ही नाणीही चिंचेने घासायची. आज ती भिंगाखाली धरली तर पाकळ्यांच्या कडा गोल झालेल्या दिसतात, अक्षरांच्या खाचांत कुंकवाची लाल रेघ बसलीय आणि सगळ्या पृष्ठभागावर एकाच दिशेने बारीक चरे. चकाकी भरपूर, पण टांकसाळीतून आलेली ती नव्हे. संग्राहक अशा नाण्याला ‘घासलेलं’ म्हणतो आणि बाजूला सारतो.

म्हणून न वापरलेलं, न घासलेलं कमळ मिळणं अवघड. ज्याला व्यवहारात ‘यूएनसी’ म्हणतात तशा अवस्थेतलं कमळ साध्या कमळाच्या कितीतरी पट जातं. तेही लाखात नाही हो, काही नोटांत. वापरलेलं कमळ दहा-वीस रुपयांच्या घरातलं.

गेंड्याची बाजू अगदीच लंगडी नाही. एकेका नाण्याची किंमत नसली तरी संच करायला ती मजेशीर आहे. साल बघा, मग त्याच्या खाली बघा: चौकटी हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. झिजलेला हिरा ठिपक्यासारखा दिसतो, इथे नवखे हमखास फसतात. भिंग आणि तिरका उजेड घ्या. साल आणि टांकसाळ यांच्या जोड्या लावत रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात डबे चाळणं हा छंद दोन-तीनशे रुपयांत वर्षभर पुरतो. घरात मूल असेल तर मी डोळे झाकून पावलीच सुचवेन. हाताळली तरी नुकसान नाही.

ठशाची चूक असलेलं नाणं, म्हणजे चित्र एका बाजूला सरकून अर्धं कोरं राहिलेलं, हा मात्र वेगळा विषय. तसं काही निघालं तर पावलीलाही चांगला भाव येतो. पण कानशीने घासून, हातोडीने ठोकून केलेल्या ‘चुका’ही फिरतात, तेव्हा जाणत्याला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

पिवळ्या वीस पैशांतच गांधीजींचं एक नाणं मिसळलेलं सापडतं. त्यावर 1869-1948 असं असतं, आणि ‘1948 सालचं जुनं नाणं’ म्हणून ते मिरवलं जातं. ती बापूंच्या जन्म-मृत्यूची सालं. नाणं 1969 च्या जन्मशताब्दीचं आहे आणि तेही मुबलक आहे.

माझं मत विचाराल तर डब्यातली नाणी विकायला जाऊ नका, रिक्षाभाडंही सुटणार नाही. विकत घ्यायचं असेल आणि हातात हजारभर रुपये असतील तर पन्नास पावल्यांपेक्षा न घासलेली दोन-चार कमळं घ्या, सालं वेगवेगळी बघून. ती कडांनी धरा, मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटात ठेवू नका, पितळेवर हिरवट चिकट थर धरतो. पुठ्ठ्याचे होल्डर मिळतात, ते घ्या.

आजीची ती पाच घासलेली कमळं माझ्या संग्रहात नाहीत. ती पूजेच्या डब्यात आहेत आणि दिवाळीला बायको अजून चिंच भिजवते.