इन्शुरन्स नाही आणि ऑपरेशन सांगितलंय: सरकारी, प्रायव्हेट पॅकेज की सरळ थांबायचं?

काकांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं तेव्हा पॉलिसी नव्हती, आणि घरात लगेच तीन पार्ट्या पडल्या. काकू म्हणे सरकारीत जाऊया, चुलतभाऊ म्हणे प्रायव्हेटला पैसे भरू आणि मोकळे होऊ, आणि काका स्वतः म्हणे काही होत नाही, बघू नंतर. मी तिन्हीकडे चकरा मारल्या, कागद गोळा केले, त्यातून जे कळलं ते लिहितोय, कुणाला ठरवायचं असेल तर उपयोग होईल.

आधी एक गोष्ट. हर्नियाचा फुगा आत जाईना, कडक झाला, जोरात दुखतंय, उलट्या होतायत, किंवा अपेंडिक्स फुटल्याची शंका आहे, तर हे सगळं वाचत बसू नका. जवळात जवळचं हॉस्पिटल, पैशाचं नंतर बघू. तुलना फक्त ज्याला तारीख देता येते अशा ऑपरेशनची होते.

आता काकांची पार्टी, म्हणजे थांबणं. वाटते तितकी ती वेडेपणाची नाही बरं का. उत्तर अमेरिकेत फारसा त्रास नसलेल्या हर्नियाच्या पुरुष पेशंटवर एक अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला, अर्ध्यांचं ऑपरेशन केलं आणि अर्ध्यांना नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं. हर्निया अचानक अडकून इमर्जन्सी होण्याचं प्रमाण निघालं हजार पेशंटमागे वर्षाला साधारण २. पण त्याच लोकांना पुढे १० वर्षांनी विचारलं तर थांबलेल्यांपैकी जवळपास ६८ टक्क्यांनी शेवटी ऑपरेशन करूनच घेतलं होतं, बहुतेकांनी दुखतंय म्हणून. म्हणजे थांबून बहुतेकांचं ऑपरेशन टळत नाही, पैसे जमवायला वेळ मिळतो इतकंच, आणि ज्याच्याकडे इन्शुरन्स नाही त्याला तो वेळसुद्धा मोठा असतो. मात्र हे सगळ्यांना लावू नका. बायकांमध्ये मांडीच्या वरच्या अंगाला जो हर्निया होतो तो अडकण्याची भीती जास्त, तिथे डॉक्टर थांबू देत नाहीत. पित्ताशयातले खडे नुसते सोनोग्राफीत दिसले आणि त्रास काहीच नाही तर बऱ्याचदा हात लावत नाहीत, पण एकदा कळा सुरू झाल्या की ढकलत राहणं महागात पडतं, खडा नळीत अडकून स्वादुपिंडाला सूज आली तर मूळ ऑपरेशनपेक्षा आयसीयूचंच बिल मोठं. कॅन्सरच्या गाठीचं तर बोलायलाच नको. त्यामुळे डॉक्टरला पहिला प्रश्न हाच विचारा की तीन महिने थांबलो तर नेमकं काय बिघडेल. याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुठल्याही काउंटरवर पैशाचं बोलू नका, कारण घाईत माणूस पहिलं दार दिसेल तिथे घुसतो.

मग राहिल्या काकू आणि चुलतभाऊ.

सरकारी म्हणजे मी मुख्यतः मेडिकल कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल धरतोय. लोकांना वाटतं तिथे शिकाऊ मुलं हात साफ करून घेतात. शिकणारे असतात हे खरं, पण त्यांच्या डोक्यावर सीनियर असतो आणि रोज त्याच त्याच केसेस बघून हात बसलेला असतो. तिथली खरी अडचण वेगळी आहे, तारीख लांबची मिळते, आणि मिळालेली तारीखसुद्धा ऐनवेळी इमर्जन्सी आली की पुढे जाते. आमची एकदा गेली, सकाळपासून उपाशी ठेवलेले काका दुपारी घरी, काकूंचं तोंड बघण्यासारखं होतं.

आणि फुकट म्हणजे फुकट नाही. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या जागतिक सर्जरी आयोगाने हिशोब मांडला होता, दरवर्षी ३.३ कोटी लोक ऑपरेशन आणि भूल यांच्या खर्चाने कंबर मोडून बसतात, आणि त्याशिवाय आणखी ४.८ कोटी लोक येणं-जाणं, राहणं, खाणं असल्या वरच्या खर्चाने! दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आहे हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. रोजावर काम करणाऱ्याने तपासणीला चार चकरा, सोबत येणाऱ्याच्या चार सुट्ट्या, बाहेरून आणायला सांगितलेली औषधं हे सगळं मांडून बघावं, कधीकधी एका दिवसात घरी सोडणारं छोटं प्रायव्हेट हॉस्पिटल फार लांब राहत नाही.

प्रायव्हेटमध्ये मात्र "किती लागतील" हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण उत्तरात बहुतेक वेळा सर्जनची फी आणि रूम एवढंच असतं. घरी जाईपर्यंत आणि टाके निघेपर्यंत सगळं मिळून किती, असं विचारा आणि लेखी घ्या. भूलतज्ज्ञ त्यात आहे का, हर्नियाच्या जागी आत बसवायची जाळी आहे का आणि कुठल्या प्रकारची, गाठ काढली तर ती तपासायला पाठवायचे पैसे कुणाचे, दुर्बिणीने सुरू करून मधेच उघडं करावं लागलं तर बिल किती वाढणार, एक रात्र जास्त राहावं लागलं तर काय. पहिल्या ठिकाणी जो आकडा सांगितला तो एवढे प्रश्न विचारल्यावर दीडपट झाला, दुसऱ्याने आकडा जास्त सांगितला होता पण त्यात सगळं होतं. रोख भरणार असाल तर सवलत ॲडमिट व्हायच्या आधी मागा, डिस्चार्जच्या दिवशी पिशवी भरून उभे असताना कोण ऐकतंय.

यात एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही, की एकाच ऑपरेशनचे स्वस्त आणि महाग असे प्रकार असतात आणि स्वस्त म्हणजे वाईट असं प्रत्येक वेळी नसतं. जांघेतल्या हर्नियाचं उघडं ऑपरेशन तेवढ्याच जागेला भूल देऊन होऊ शकतं, दुर्बिणीच्या ऑपरेशनला सहसा पूर्ण भूल आणि महागडी सामग्री लागते. दुर्बिणीत दुखणं कमी आणि कामावर लवकर जाता येतं हे खरं, दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर मीही तेच घेईन. जाळीचं तर विचारूच नका, युगांडात मच्छरदाणीच्या कापडाची निर्जंतुक केलेली स्वस्त जाळी आणि कंपनीची महाग जाळी अशी तुलना केली, २०१६ मध्ये निकाल छापून आला, वर्षभरानंतर दोन्हीत म्हणण्यासारखा फरक नाही. (आपण मच्छरदाणी घेऊन जायचं नाहीये, पण "इम्पोर्टेड जाळी घ्या" म्हटल्यावर का, एवढं विचारायला हरकत नाही.)

स्वस्त शोधताना एका ठिकाणी कंजूषी नको. डब्ल्यूएचओची १९ मुद्द्यांची सर्जरी चेकलिस्ट आहे, ८ शहरांतल्या ८ हॉस्पिटलांत ती वापरायला लागल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं होतं. ती तुमच्याकडे वापरतात का असं दोन्हीकडे विचारा, कागदच आहे, त्याचे पैसे पडत नाहीत. माझ्या फेऱ्यांमध्ये सरकारी नर्सने चटकन हो म्हटलं आणि प्रायव्हेटच्या रिसेप्शनला प्रश्नच कळला नाही.

पैसे कमी पडत असतील तर आधी हॉस्पिटललाच बिनव्याजी हप्ते मागा, मग घरच्यांकडे, आणि कर्ज शेवटी, त्यातही "झिरो टक्के" वाल्या स्कीममध्ये एक हप्ता चुकला तर व्याज पहिल्या दिवसापासून लागतं का ते बघा. ऑनलाइन मदत मागणं लहान मुलाच्या आजाराला चालून जातं, हर्नियाला कुणी पैसे देत नाही, स्पष्टच सांगतो. आणि आता घाईने पॉलिसी काढू हा विचार सोडा, आधीपासूनच्या आजाराला बहुतेक ठिकाणी वाट बघायला लावतात आणि लपवलं तर क्लेम जातो.

काका रिटायर्ड, दुखणं कमी, डॉक्टर म्हणाले थांबलं तर चालेल, म्हणून काकूंची पार्टी जिंकली. अडीच महिन्यांनी उघडं ऑपरेशन, तेवढ्या जागेची भूल, आत पडल्या पडल्या काका डॉक्टरांशी क्रिकेटवर बोलत होते. चुलतभावाला स्वतःला हर्निया असता तर मी त्याला प्रायव्हेटलाच पाठवलं असतं, त्याला एक दिवस सुट्टी मिळायची मारामार.